देखभालीच्या वेळचे यंत्र-अपघात

यंत्राची दुरुस्ती, साफसफाई, तेल-ग्रीस देणे, पट्टा बदलणे, अडकलेला माल काढणे अशा कामांत होणाऱ्या इजा या प्रकारात मोडतात. उत्पादन चालू असताना माणूस आणि फिरता भाग यांच्यामध्ये गार्ड असतो. देखभालीत तो गार्ड काढूनच आत हात घालावा लागतो.

यांतल्या बहुतेक अपघातांच्या मुळाशी एकच समजूत असते : यंत्र थांबले, म्हणजे ते बंद झाले. प्रत्यक्षात बटण दाबून थांबवलेल्या यंत्रापर्यंत वीज तशीच पोहोचत असते. सेन्सरवर चालणाऱ्या कन्व्हेयरचे उदाहरण घ्या. खोके अडकते, पट्टा थांबतो. कामगार खोके ओढून काढतो, सेन्सरसमोरची आड दूर होते आणि पट्टा पुन्हा धावू लागतो. त्या क्षणी हात रोलरपाशीच असतो. पट्टा आणि रोलर जिथे एकत्र येतात तिथे बोट सापडले, की मागे खेचायला वेळ मिळत नाही. सैल बाही, अंगठी आणि फिरत्या दांड्याजवळ तर हातमोजासुद्धा हाताला आत ओढून नेतो. मोठ्या यंत्रामागे वाकलेला फिटर पॅनेलवरच्या ऑपरेटरला दिसत नाही, आणि तो निर्धास्तपणे यंत्र सुरू करतो, हा दुसरा नेहमीचा प्रकार.

मेन स्विच पाडला तरी धोका संपत नाही, कारण यंत्रात ऊर्जा साठून राहते. जड चाक बराच वेळ फिरत राहते, दाबलेली स्प्रिंग सुटते, कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक असतो, वर उचललेला प्रेसचा भाग स्वतःच्या वजनाने खाली येतो. त्याच्याखाली भक्कम ठोकळा लावल्याशिवाय हात घालू नये. हवेच्या सिलिंडरमध्ये दाब अडकलेला असेल, तर अडथळा काढताच दट्ट्या आपली अर्धी राहिलेली फेरी पूर्ण करतो.

हायड्रॉलिक गळतीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण ती इजा फसवी असते. नळीच्या सुईएवढ्या छिद्रातून उच्च दाबाने सुटणारे तेल कातडी भेदून आत शिरते. वर दिसतो फक्त एक ठिपका. सुरुवातीला फारसे दुखतही नाही. आत मात्र तेल पसरून मांस मरू लागते. अशा रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी न्यावे लागते, उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागू शकतो. म्हणून गळती हाताने चाचपायची नसते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून शोधायची असते.

प्रतिबंधाची मुख्य पद्धत म्हणजे लॉकआउट-टॅगआउट. ऊर्जेचा प्रत्येक स्रोत तोडायचा, तिथे कुलूप लावून नावाचा टॅग अडकवायचा, साठलेला दाब सोडायचा आणि मग सुरू करण्याचे बटण दाबून पाहायचे. हा शेवटचा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो, पण चुकीचा ब्रेकर पाडला गेला असेल तर ते तिथेच कळते. चौघे काम करत असतील तर चार कुलपे, आणि ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. नुसता टॅग ही केवळ सूचना असते. ती स्विच अडवत नाही.

अमेरिकेच्या ओशा या सुरक्षा प्रशासनाने १९८९ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केला. तो पाळल्याने वर्षाला सुमारे १२० मृत्यू आणि ५०,००० इजा टळतात, असा त्याचा अंदाज आहे. भारताच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात, चालू यंत्राची तपासणी किंवा त्याला तेल देणे अपरिहार्य असेल तेव्हा ते काम खास प्रशिक्षित, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या कामगारानेच करावे, अशी तरतूद करण्यात आली. अवजड दुरुस्तीत हे नियम बऱ्यापैकी पाळले जातात. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून केलेल्या सफाईत ते सुटतात.

कुलूप लावणाऱ्यानेच ते काढायचे असते. तो पाळी संपवून घरी गेला असेल, तर ओशाच्या नियमानुसार तो आवारात नाही याची आधी खात्री करावी लागते, त्याच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न करावा लागतो, आणि परतल्यावर कामाला हात लावण्यापूर्वी कुलूप काढल्याचे त्याला सांगावे लागते.