मोजपट्टी मोठ्यांची

शिसं पोटात गेलं की मोठ्या माणसाचं शरीर त्यातला थोडाच भाग शोषून घेतं, उरलेलं बाहेर टाकतं. तेवढंच शिसं लहान मुलाच्या पोटात गेलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार हे शोषण चार ते पाच पट होतं. वाढत्या हाडांना कॅल्शियम हवं असतं, म्हणून मुलांचं आतडं ते अधाशासारखं ओढून घेतं, आणि शिसं कॅल्शियमच्याच वाटेने आत शिरतं. अंगात लोह कमी असेल तर त्याला आणखी मोकळं रान मिळतं. त्यात रांगणारं मूल जमिनीलगत असतं, सतत हात तोंडात घालतं, आणि त्याचा मेंदू अजून घडत असतो. एकाच खोलीतल्या धुळीत बाप आणि लेक दोघंही वावरतात. विष मात्र लेकीच्या अंगात जास्त भिनतं. सुरक्षित किती, हे ठरवताना समाजाने हातात धरलेली मोजपट्टी बहुतेक वेळा बापाची होती.

हे अज्ञानातून घडलं म्हणावं, तर तसंही नाही. 1904 मध्ये ब्रिस्बेनमधले डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी व्हरांड्याच्या कठड्यावरच्या रंगामुळे मुलांना शिसेबाधा होते, असं लिहून ठेवलं होतं. 1921 मध्ये जिनिव्हात पांढऱ्या शिशाच्या रंगाबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला, पण त्यात काळजी होती ती रंगाऱ्यांची. घरातल्या मुलांना लाभ झाला असेल, तर तो ओघाने. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी यायला 1978 उजाडलं. दरम्यान पेट्रोलमध्ये शिसं मिसळायला 1920 च्या दशकातच सुरुवात झाली होती. मोटारींसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, थांबला 2021 मध्ये.

धोक्याची रेषा कशी सरकत गेली, तेही पाहण्याजोगं आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत मुलाच्या एक डेसिलिटर रक्तात 60 मायक्रोग्रॅमपर्यंत शिसं असलं तरी डॉक्टर चिंता करत नसत. मग ही रेषा 40, 30, 25 अशी उतरत 1991 मध्ये 10 वर आली, 2012 मध्ये 5 वर आणि 2021 मध्ये 3.5 वर. याच्या खाली धोका नाही, असं छातीठोकपणे सांगता येईल अशी पातळी आजवर सापडलेली नाही. या घसरणीमागचा एक मोठा पुरावा पडलेल्या दुधाच्या दातांतून आला. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत कमी होतं, दातात मात्र ते साठून राहतं. अमेरिकी डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दात गोळा करून त्यांतलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत ते जास्त होतं, ती मुलं वरवर ठणठणीत दिसत होती, पण बुद्ध्यंकात आणि एकाग्रतेत मागे होती. हे 1979 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे नीडलमन यांच्यावर वैज्ञानिक गैरवर्तनाचा आरोप झाला. तो सिद्ध झाला नाही, पण त्यांची बरीच वर्षं त्यात गेली.

चार-पाच गुणांनी बुद्ध्यंक कमी झाला तर एवढं काय बिघडलं, असा प्रश्न येतोच. एका मुलाकडे पाहिलं तर खरोखरच काही कळत नाही. सगळ्या समाजाकडे पाहिलं की गणित उघडं पडतं. बुद्ध्यंकाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) 15 धरलं, तर 70 च्या खाली साधारण 2.3 टक्के लोक येतात. सरासरी फक्त 5 गुणांनी खाली सरकवा, हाच आकडा 4.8 टक्के होतो, म्हणजे दुपटीहून जास्त. दुसऱ्या टोकाला 130 च्या वर असणारे निम्म्याहून कमी उरतात. कुठल्याही घरात काही घडल्याचं दिसत नाही, आणि तरीही विशेष मदतीची गरज असणारे दुप्पट होतात. युनिसेफच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे 80 कोटी मुलांच्या, म्हणजे दर तिघांतल्या एकाच्या, रक्तात डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसं होतं.

औषधांची कथाही याच वळणाची. क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक नवजात बाळांना वजनाच्या हिशोबाने दिलं जाई. हिशोब वरवर बरोबर होता, पण ते औषध निकामी करणारं यकृतातलं एन्झाइम नवजात बाळात पुरेसं तयारच झालेलं नसतं. औषध साचत गेलं, बाळं राखाडी पडून दगावू लागली. 1959 मध्ये कारण उलगडलं. पुढे 1968 मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी औषधांच्या जगात मुलं अनाथ आहेत, असं लिहिलं. मुलांवर प्रयोग नकोत या चांगल्या हेतूने त्यांना चाचण्यांतून वगळलं, आणि परिणाम असा की प्रत्येक बालरोगतज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन हाच एक नोंद न होणारा प्रयोग ठरला. युरोपात औषध कंपन्यांना मुलांसाठी अभ्यास बंधनकारक करणारा नियम 2007 मध्ये लागू झाला. प्राझिक्वांटेल हे शिस्टोसोमियासिस या कृमिरोगावरचं औषध गेली चाळीसेक वर्षं वापरात आहे, पण गोळी मोठी आणि कडू. अगदी लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळीला युरोपीय औषध यंत्रणेने अनुकूल मत दिलं डिसेंबर 2023 मध्ये.

रस्त्यांवर हेच. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे, हे आपण तिची डोळ्यातली प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते त्यावरून ओळखतो. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी सुमारे 32 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारी गाडी जवळ येतेय, हे खात्रीने जाणवत नाही, असं दिसलं. मग ‘इकडे-तिकडे बघून रस्ता ओलांड’ या उपदेशाचं करायचं काय? मूल बघतं, पण त्याला दिसत नाही. शाळेजवळच्या गाड्यांचा वेग कमी करणं हे मोठ्यांच्या हातात आहे, तरी आपण पाठ्यपुस्तकात धडा घालतो.

मोठ्यांचं नुकसान बऱ्याचदा भरून काढता येतं. मुलांच्या बाबतीत दारं ठरावीक काळच उघडी असतात. याचा सर्वांत कठोर पुरावा रुमेनियातला. चाउशेस्कूच्या राजवटीने 1966 मध्ये गर्भपातावर जवळजवळ बंदी घातली, आणि नको असलेली मुलं सरकारी संस्थांत भरत गेली. राजवट कोसळल्यावर, 2000 च्या सुमारास संशोधकांनी बुखारेस्टमधल्या अशा 136 बाळांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत पाठवलं. संस्थेत अन्न होतं, निवारा होता. सतत बोलणारं, उचलून घेणारं माणूस नव्हतं. कुटुंबात गेलेल्यांचा बुद्ध्यंक आणि जिव्हाळ्याची क्षमता सुधारली. साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सर्वांत जास्त. चिठ्ठ्यांमुळे काहींना संस्थेतच राहावं लागलं, यावर नैतिक वाद झाला आणि तो रास्तच होता. पण तेव्हा तिथे पालक-कुटुंबांची सोय जवळपास नव्हतीच, हेही खरं.

धोरणकर्त्यांना हे माहीत नसतं का? बहुतेकांना असतं. अडचण काळाच्या हिशोबात आहे. सरकारी प्रकल्पांचा फायदा मोजताना भविष्यातल्या लाभाची किंमत दरवर्षी घटवत आणतात. हा दर 7 टक्के धरला, तर 20 वर्षांनी मिळणारा 100 चा लाभ आज जेमतेम 26 चा दिसतो. 3 टक्के धरला तर 55 चा. आज दोन वर्षांचं असलेलं मूल कमावू लागायला साधारण तेवढाच काळ लागतो. म्हणजे पुलापुढे पाळणाघर हरतं ते बरेचदा सूत्र लिहितानाच. मला हा दर निवडणं हिशोबापेक्षा राजकारण जास्त वाटतं.

आणि मुलांना मत नसतं. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी 1984 मध्ये अमेरिकेबद्दल एक उलटं चित्र मांडलं. वृद्धांची संख्या वाढत होती आणि मुलांची घटत होती. संख्येच्या हिशोबाने मुलांच्या वाट्याला जास्त यायला हवं होतं, पण सुधारत गेली ती वृद्धांची स्थिती, मुलांची खालावली. वृद्ध मतदान करतात, आणि उद्या आपणही वृद्ध होणार हे बाकीच्यांना ठाऊक असतं. मूल पुन्हा कोणीच होणार नसतो. कोरोनाच्या साथीत, 2020 च्या एप्रिलमध्ये दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी शाळेबाहेर होते. सुरुवातीची ती सावधगिरी समजण्यासारखी होती. पण पुढे अनेक ठिकाणी मद्यालयं आधी उघडली, शाळा नंतर. हा क्रम विषाणूने ठरवलेला नव्हता.

1986 मध्ये लोकसंख्याशास्त्रज्ञ पॉल डेमेनी यांनी मुलांची मतं आई-वडिलांनी द्यावीत, असं सुचवलं. कल्पना चमकदार आहे, पण पालकाचं हित आणि मुलाचं हित नेहमी एकच नसतं, त्यामुळे माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. नॉर्वेने 1981 मध्ये मुलांसाठी स्वतंत्र लोकपाल नेमला. त्याला कागदपत्रं पाहता येतात आणि मंत्र्यांना अडचणीचे प्रश्न चारचौघांत विचारता येतात. नंतर अनेक देशांनी असं पद निर्माण केलं. तिजोरीच्या किल्ल्या मात्र त्या पदाकडे नाहीत.