अंतरिम पोटगीचा अर्ज आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र

घटस्फोटाचा दावा निकाली निघण्यास वर्षे लागतात. घरभाडे आणि मुलांच्या शाळेचा खर्च मात्र थांबत नाही. या मधल्या काळासाठी तात्पुरते आदेश देण्याचा अधिकार भारतीय न्यायालयांना फार पूर्वीपासून आहे. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम 12 खाली न्यायालय अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाला हजर करण्यास सांगून त्याच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश देऊ शकते. ज्या मुलीने चारचौघांत येणे उचित मानले जात नाही, तिला देशाच्या रीतिरिवाजांप्रमाणे आणावे, असेही त्या काळाला शोभेसे वाक्य तिथे आहे. पुढे 1955 च्या हिंदू विवाह अधिनियमाने कलम 24 मध्ये पती वा पत्नीला दावा चालू असेतो पोटगी मागण्याची मुभा दिली आणि कलम 26 मध्ये मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांबाबत अंतरिम आदेशांची सोय केली.

पत्नी, मुले व आईवडिलांच्या पोटगीसाठी असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये मात्र अंतरिम पोटगीचा उल्लेख नव्हता. तो अधिकार कलमात गृहीतच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये ठरवले. 2001 च्या दुरुस्तीने तो स्पष्ट शब्दांत आला, दरमहा 500 रुपयांची कमाल मर्यादा गेली, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत अर्ज निकाली काढावा असे बंधन घातले गेले.

त्या ‘शक्यतो’मध्ये किती काळ मावतो, हे नागपूरच्या एका प्रकरणात दिसले. सप्टेंबर 2013 मध्ये केलेल्या अर्जावर तिथल्या कुटुंब न्यायालयाचा अंतरिम आदेश झाला तो ऑगस्ट 2015 मध्ये: पत्नीला दरमहा 15,000 रुपये, मुलाला आधी 5,000 आणि पुढे 10,000. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो कायम केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची होती. मागणारा गरज वाढवून सांगतो, देणारा कमाई लपवतो, आणि न्यायाधीशाला अंदाजाने आकडा ठरवावा लागतो. पगारदाराचे पगारपत्रक तरी मिळते. रोखीच्या धंद्याचा थांग लागणे कठीण. दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 पासून उत्पन्न, मालमत्ता व खर्चाच्या सविस्तर प्रतिज्ञापत्राचा नमुना घडवत आणला होता. 4 नोव्हेंबर 2020 रोजी नागपूरच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र दोन्ही पक्षांना देशभर बंधनकारक केले. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना दिला. प्रतिवादीने चार आठवड्यांत उत्तरासह ते दाखल करावे, आधीचे पोटगीचे आदेश अर्जदाराने उघड करावेत, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असेही सांगितले. माझ्या मते यांतला शेवटचा मुद्दा सर्वांत परिणामकारक आहे, कारण त्यामुळे तारखा लांबवण्यातला फायदाच संपतो.

मुलांच्या तात्पुरत्या ताब्यासाठी असा आकड्यांचा तक्ता चालत नाही. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहावे, हा 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातला दंडक आणि मुलाचे हित, एवढ्यावरच तो निर्णय आजही उभा आहे. प्रतिज्ञापत्रांचेही सारे सुरळीत झाले नाही. ती न घेताच आदेश होत असल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर 2023 मध्ये आपला निकाल पुन्हा सर्व न्यायालयांकडे पाठवण्यास सांगावे लागले.