व्हिक्टोरियन काळातली पेटंट औषधं

पेटंट औषधं म्हणजे १९व्या शतकात इंग्लंडात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, जाहिरातीच्या जोरावर विकली जाणारी गोळ्या, मलमं, सिरप आणि काढे. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, हा धंदा फोफावला. नावातलं 'पेटंट' तसं फसवंच आहे. सुरुवातीला काही औषधवाल्यांनी राजाकडून खरोखरच सनद घेतली होती, पण पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते लिहून द्यावं लागतं आणि नेमकं तेच कुणाला सांगायचं नसायचं. त्यामुळे नंतरच्या बहुतेक औषधांना पेटंट नव्हतंच, होतं ते फक्त नाव, लेबल आणि १८७५च्या कायद्यानंतर ट्रेडमार्क. आपण नाही का म्हणत, सर्दीवर आलं-गवती चहा हा आजीचा पेटंट उपाय, तेवढंच ते पेटंट.

ही औषधं एवढी विश्वासाची का वाटायची याचं मोठं कारण होतं डबीवरचं सरकारी तिकीट. १७८३पासून अशा औषधांवर स्टॅम्प ड्युटी होती, एक शिलिंगपर्यंतच्या (शिलिंग म्हणजे १२ पेनी) मालावर दीड पेनी, अडीच शिलिंगपर्यंत तीन पेनी, असं चढत जायचं. म्हणूनच जुन्या जाहिरातींत १ शिलिंग दीड पेनी, २ शिलिंग ९ पेनी असे विचित्र भाव दिसतात, मूळ किंमत अधिक कर. ही कागदी पट्टी डबीच्या तोंडावर चिकटवलेली असायची, ती फाडल्याशिवाय डबी उघडायची नाही. आता गिऱ्हाईकाला काय दिसतं, तर सरकारचा शिक्का. तो कर भरल्याचा आहे, औषध तपासल्याचा नाही, हे कोण सांगत बसणार? विकणारे तर उलट बजावायचे की सरकारी तिकीट नसेल तर माल नकली समजा. शेवटी त्या तिकिटावरच छापावं लागलं की ही सरकारची हमी नव्हे.

दुसरं कारण वर्तमानपत्रं. १८५३मध्ये जाहिरातींवरचा कर गेला, १८५५मध्ये वर्तमानपत्रांवरचा स्टॅम्प गेला, १८६१मध्ये कागदावरचा कर गेला आणि पेपर एकदम स्वस्त झाले. स्वस्त पेपरला पैसा लागतो जाहिरातीचा, आणि औषधवाल्यांएवढा सढळ हात दुसऱ्या कुणाचा होता? थॉमस हॉलोवे हा त्यातला बाप माणूस. १८३७मध्ये मलम विकायला सुरुवात केली, पुढे गोळ्या आणल्या, जाहिरातींच्या उधारीपायी तुरुंगाची हवा खाल्ली, तरी गडी थांबला नाही. १८४२मध्ये तो जाहिरातींवर वर्षाला ५,००० पौंड उधळत होता, १८८३मध्ये वारला तेव्हा आकडा ५०,०००च्या घरात होता. त्याच पैशातून त्याने मनोरुग्णालय आणि बायकांसाठी कॉलेज बांधलं. रॉयल हॉलोवे कॉलेज १८८६मध्ये खुद्द राणीच्या हस्ते उघडलं, आजही चालू आहे.

आत असायचं तरी काय? बीचमच्या गोळ्या घ्या. थॉमस बीचम लहानपणी ऑक्सफर्डशायरमध्ये मेंढ्या राखायचा, मग बाजारात गोळ्या विकता विकता सेंट हेलेन्समध्ये कारखाना काढला. घोषवाक्य होतं, डबीची किंमत एक गिनी, म्हणजे २१ शिलिंगचा गुण १ शिलिंग दीड पेनीत. जाहिरातीत रोगांची यादी: पोटात वारा, डोकेदुखी, चक्कर, जेवल्यावर पोट फुगणं, थंडी वाजणं, धाप लागणं, अंगावर चट्टे, झोपमोड आणि भयंकर स्वप्नंसुद्धा. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९मध्ये अशा औषधांचं पृथक्करण छापलं, त्यात बीचमच्या गोळीत निघालं कोरफडीचा वाळवलेला रस (आपला काळा बोळ), सुंठ आणि साबण. थोडक्यात, जुलाबाची गोळी. ५६ गोळ्यांच्या घटकांचा खर्च अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग, म्हणजे कर वजा केला तरी किंमत साधारण ९६ पट. पण एक खरं, बद्धकोष्ठ झालेल्या माणसाला या गोळीने बरं वाटायचंच, आणि पोट साफ झालं की डोकंही हलकं होतं, त्यामुळे ती यादी गिऱ्हाईकाला अगदीच थाप वाटत नसणार.

सगळाच माल असा निरुपद्रवी नव्हता. गॉडफ्रेज कॉर्डियल हे रडक्या बाळांना द्यायचं गोड औषध, काकवीत अफू. आई कारखान्यात, बाळ शेजारणीकडे, चमचाभर दिलं की गप्प, आणि कधीकधी कायमचं गप्प. मुंबईच्या गिरणगावात बाळगोळी द्यायचे, तीही अफूचीच, त्यामुळे आपण नाक मुरडायचं कारण नाही. अमेरिकेतून आलेल्या मिसेस विन्स्लोच्या सिरपमध्ये मॉर्फिन होतं. १८६८च्या फार्मसी कायद्याने अफूच्या विक्रीवर बंधनं आणली खरी, पण पेटंट औषधं त्यातून वगळली, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. क्लोरोडाइनची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. जॉन कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टरने ते हिंदुस्थानात असताना १८४८च्या सुमारास कॉलऱ्यावर म्हणून बनवलं, त्यात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजा. अफूने जुलाब थांबतात, त्यामुळे लोकांना गुण यायचा आणि सवयही लागायची. अस्सल क्लोरोडाइन कुणाचं यावर कोर्टबाजीही झाली.

कोर्टावरून कार्बोलिक स्मोक बॉल. हा रबरी चेंडू, आत कार्बोलिक ॲसिडची पूड, नळी नाकात घालायची आणि चेंडू दाबायचा की धूर आत. किंमत १० शिलिंग. १८९१मध्ये कंपनीने जाहिरात दिली की दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड, आणि प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून बँकेत १,००० पौंड ठेवलेत. लुईझा कार्लिल या बाईंनी २० नोव्हेंबरपासून नेमाने वापरला आणि १७ जानेवारी १८९२ला फ्लू झाला. पैसे मागितले तर कंपनीकडून उत्तर आलं की खोटे दावे टाळण्यासाठी बाईंनी रोज आमच्या ऑफिसात येऊन, सेक्रेटरीसमोर चेंडू वापरून दाखवावा. काय म्हणावं याला! कंपनीचे वकील होते पुढे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ. बचाव असा की ही नुसती जाहिरातबाजी, ती कोण मनावर घेतं. अपील कोर्टाने सांगितलं, मग बँकेत पैसे कशाला ठेवलेत? बाईंना १०० पौंड मिळाले. आपल्याकडे लॉच्या पहिल्या वर्षाला काँट्रॅक्टमध्ये हीच केस घोकावी लागते. गंमत म्हणजे हरल्यावर कंपनीने बक्षीस दुप्पट, २०० पौंड केलं, फक्त अटी वाढवल्या.

या गर्दीतून टिकलं तेही आहे. न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉसली इनोचं फ्रूट सॉल्ट तेव्हा भलत्याच आजारांवर खपवलं जायचं, आता आपल्या स्वयंपाकघरात ढोकळा फुगवायला असतं.

संसदेची एक समिती १९१२मध्ये या धंद्याची चौकशी करायला बसली आणि तिचा कडक अहवाल आला ४ ऑगस्ट १९१४ला, ज्या दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. तो कोण वाचणार? औषधात काय आहे ते लेबलावर लिहायची सक्ती इंग्लंडात व्हायला १९४१ उजाडलं, आणि त्याच कायद्याने ते दीड पेनीचं तिकीटही गेलं.