रोमन लॉच्या मूट कोर्टला जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि तयारी, सगळं एका जागी

पहिली गोष्ट, फॉर्म शोधत बसू नका. मूट म्हणजे काल्पनिक केस लढायची विद्यार्थ्यांची स्पर्धा. जेसपसारख्या (आंतरराष्ट्रीय कायद्याच्या) मूटला कॉलेज रजिस्ट्रेशन करतं, फी भरतं, टीम नंबर येतो, तसं इथे काही नाही. इंटरनॅशनल रोमन लॉ मूट कोर्ट ही युरोपातल्या आठ युनिव्हर्सिट्यांनी आपापसात चालवलेली स्पर्धा आहे: ऑक्सफर्ड, केंब्रिज, अथेन्स, नेपल्सची फेडेरिको सेकंदो, व्हिएन्ना, ट्युबिंगेन, ट्रिअर आणि लिएज. यजमान बदलत राहतो, युक्तिवाद इंग्रजीत होतो, टीम चार जणांची असते, आणि समोर बेंचवर रोमन लॉ शिकवणारे प्रोफेसर बसलेले असतात, म्हणजे थाप मारून निसटायचा स्कोप शून्य.

त्यामुळे पात्रतेचा नियम एका ओळीत सांगायचा तर, तुम्ही या आठपैकी एका ठिकाणी शिकत असलं पाहिजे आणि तिथल्या फॅकल्टीने तुम्हाला टीममध्ये घेतलं पाहिजे. नागपूरच्या किंवा पुण्याच्या कॉलेजमधून थेट एंट्री नाही, कितीही मेल केले तरी. टीम कशी निवडायची हे प्रत्येक युनिव्हर्सिटी आपलं आपण ठरवते, म्हणून पोचल्यावर पहिल्याच टर्ममध्ये रोमन लॉ शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना जाऊन विचारायचं की यंदाची निवड कधी आणि कशी आहे, नोटीस लागायची वाट बघायची नाही.

आता आठ नावं बघून हुरळून जाऊ नका कारण भाषेचा प्रश्न आहे. व्हिएन्ना, ट्युबिंगेन, ट्रिअरला लॉची मुख्य डिग्री जर्मनमध्ये, लिएजला फ्रेंचमध्ये, नेपल्सला इटालियनमध्ये, अथेन्सला ग्रीकमध्ये. मराठी घरातून बारावी करून जाणाऱ्याला प्रॅक्टिकली ऑक्सफर्ड आणि केंब्रिज हे दोनच दरवाजे उरतात. दोन्हीकडे रोमन लॉ हा डिग्रीच्या सुरुवातीचाच विषय आहे, ऑक्सफर्डला पहिल्या वर्षी ‘अ रोमन इंट्रोडक्शन टू प्रायव्हेट लॉ’ आणि केंब्रिजला ‘सिव्हिल लॉ वन’. अर्ज यूकॅसवरून (यूकेतल्या युनिव्हर्सिट्यांचं सामाईक अर्जाचं पोर्टल), शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, आणि एलनॅट ही एंट्रन्स दोन्हीकडे लागते, तिचं रजिस्ट्रेशन यूकॅसच्या तारखेच्या आधी बंद होतं, तेव्हा सप्टेंबर उजाडायच्या आत अकाउंट उघडून स्लॉट घेऊन टाका. आपल्याकडे सीईटीचं वेळापत्रक डोक्यात असतं म्हणून पोरं हे सगळं बारावीच्या निकालानंतर बघू म्हणतात, तोपर्यंत गाडी गेलेली असते.

समजा निवड झाली. मग कागद सुरू होतात आणि कागद दोन प्रकारचे, एक कोर्टातले आणि एक व्हिसाचे. व्हिसाचं आधी सांगतो कारण लोक तिथेच अडकतात.

यूकेत शिकताय आणि स्पर्धा ट्रिअरला किंवा नेपल्सला आहे तर भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एकच व्हिसा, यूके त्यात नाही) लागणारच. अर्ज तुम्ही जिथे राहताय तिथून करायचा, म्हणजे यूकेतून, त्यासाठी मुंबईला परत यायची गरज नाही. ज्या देशात स्पर्धा आहे त्या देशाकडे करायचा. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज चालतो, पण १५ दिवस हा कागदावरचा आकडा झाला, अपॉइंटमेंट मिळायलाच कधीकधी त्याहून जास्त वेळ जातो, तेव्हा टीममध्ये नाव आलं की त्याच आठवड्यात स्लॉट बघायला लागा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू हवा, दोन पानं कोरी हवीत. मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा आणि पूर्ण शेंगेनमध्ये चालणारा, नुसत्या जर्मनीपुरता घेतला तर परत पाठवतात. त्याबरोबर यूकेतल्या तुमच्या स्टेटसचा पुरावा (आता ई-व्हिसा आहे, तेव्हा त्याची प्रिंट), बँक स्टेटमेंट, राहण्याची सोय, तिकिटाचं बुकिंग, कॉलेजचं बोनाफाइडसारखं पत्र, आणि यजमान युनिव्हर्सिटीचं निमंत्रण पत्र.

या निमंत्रण पत्रात एक गोष्ट नीट बघा. आपल्याकडे नावात वडिलांचं नाव मधे असतं, आणि पासपोर्टवर ते ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःच्या नावाबरोबर येतं. कॉलेजच्या रेकॉर्डला मात्र नुसतं नाव-आडनाव असतं, मग पत्रात एक, इन्शुरन्सवर दुसरं, तिकिटावर तिसरंच असं होतं आणि काउंटरवर स्पष्टीकरण देत बसावं लागतं. टीमच्या कोचला नाव मेल करताना पासपोर्टच्या फोटो-पानावर जसं आहे तस्संच कॉपी करून पाठवा, स्पेलिंगसकट, ‘मिस्टर’ बिस्टर काही नको.

आणि फी. शेंगेनची फी ९० युरो आहे, पण युरोपियन युनियनच्या व्हिसा कोडच्या कलम १६ मध्ये अभ्यासासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचे शिक्षक यांना फी माफ आहे. मूट त्यात बसवायची असेल तर यजमानाच्या पत्रात ही ट्रिप शैक्षणिक आहे असं स्पष्ट लिहून घ्या आणि अपॉइंटमेंटच्या वेळी स्वतःहून विचारा, काउंटरवाला आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका. (व्हिसा सेंटरची सर्व्हिस फी वेगळी असते, ती माफीत येत नाही.)

उलटी केस, म्हणजे तुम्ही जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात शिकताय आणि स्पर्धा केंब्रिजला आहे, तर तिथला रेसिडेन्स परमिट शेंगेन देशांत फिरायला पुरतो पण यूकेसाठी स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो, त्याचा अर्ज जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो. जर्मन कागद असतील तर इंग्रजी भाषांतर जोडायचं. बाकी विशेष काही नाही.

आता कोर्टातले कागद, म्हणजे खरी मजा. केस काल्पनिक असते पण कायदा सम्राट जस्टिनियनचा, म्हणजे इन्स्टिट्यूट्स (पाठ्यपुस्तक), डायजेस्ट (जुन्या कायदेपंडितांचे उतारे), कोडेक्स (सम्राटांची फर्मानं) आणि नॉव्हेले (नंतर काढलेले नवे कायदे). डायजेस्ट ५३३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला, ५० पुस्तकं, त्यात ३९ कायदेपंडितांच्या लिखाणातले उतारे कापून जोडलेले, आणि हे सगळं जस्टिनियनचा कायदेमंत्री ट्रायबोनियन याच्या कमिटीने तीन वर्षांत उरकलं. तुमच्या लेखी युक्तिवादात आधार द्यायचे ते इथले. सुप्रीम कोर्टाचे निकाल, एआयआर बिआयआर सगळं घरी ठेवायचं.

सायटेशनची पद्धत एकदा कळली की सोपी आहे. डी. ९.२.११ असं लिहिलं की डायजेस्ट, पुस्तक नववं, टायटल दुसरं, उतारा अकरावा. पुढे ‘पीआर’ लिहिलेलं असेल तर त्या उताऱ्याची सुरुवात, आणि आकडा असेल तर पॅरा. पुस्तक ९, टायटल २ म्हणजे लेक्स अक्विलिया, दुसऱ्याच्या मालमत्तेचं चुकीने नुकसान केलं तर भरपाई. हे टायटल पाठ असल्यासारखं यायला हवं कारण रोमन लॉ शिकणाऱ्या प्रत्येकाची सुरुवात कुठेतरी इथेच होते.

उदाहरण म्हणून हाच ९.२.११ घ्या, उल्पियन या कायदेपंडिताचा उतारा. काही लोक बॉल खेळतायत, एकाने जोरात बॉल मारला, तो शेजारी दाढी करणाऱ्या न्हाव्याच्या हातावर बसला आणि वस्तऱ्याने गिऱ्हाइकाचा, म्हणजे एका गुलामाचा, गळा चिरला. जबाबदार कोण? मेला नावाचा कायदेपंडित म्हणतो, ज्याची चूक असेल तो. दुसरा कायदेपंडित प्रोक्युलस म्हणतो न्हावी. त्यावर उल्पियन म्हणतो, खरंच, जिथे लोक नेहमी खेळतात किंवा जिथे वर्दळ असते तिथे दुकान मांडलं असेल तर न्हाव्याकडे दोष जातोच, पण धोक्याच्या जागी खुर्ची मांडलेल्या न्हाव्यापुढे कोणी स्वतःहून मान दिली तर त्याने स्वतःलाच दोष द्यावा असंही म्हणता येईल. बघा, एका परिच्छेदात तीन मतं आणि दोन्ही बाजूंना दारूगोळा. गुलामाच्या मालकाच्या बाजूने उभं राहिलात तर प्रोक्युलस धरायचा, न्हाव्याच्या बाजूने शेवटचं वाक्य धरायचं, आणि मग बेंचवरून प्रश्न येऊ शकतो की दाढीला बसलेला माणूस गुलाम आहे, तो स्वतःच्या मर्जीने बसला की मालकाने पाठवला, आणि मर्जी गुलामाची असेल तर नुकसान मालकाच्या खिशाला का? इथे जो अडखळत नाही तो पुढे जातो. रकमेचा हिशोब पण तयार ठेवा: गुलाम मेला तर लेक्स अक्विलियाचं पहिलं प्रकरण लागतं, म्हणजे मागच्या वर्षभरातली त्याची सर्वांत जास्त किंमत, आणि प्रतिवादीने जबाबदारी नाकारली आणि हरला तर दुप्पट. माणसाची किंमत जनावराच्या शेजारी बसवून मोजणारा हा कायदा वाचताना अंगावर येतो, यायलाच हवा, पण बेंचपुढे तोच कायदा मांडायचा असतो.

एक युक्तिवाद टाळा. अभ्यासकांनी गेली शे-दीडशे वर्षं शोधून काढलंय की डायजेस्टमधली बरीच वाक्यं ट्रायबोनियनच्या लोकांनी मागाहून घुसवली, आणि हुशार पोरांना मोह होतो की विरोधी बाजूचा उतारा ‘हे मूळचं नाहीच’ म्हणून उडवावा. पण जस्टिनियनच्या कोर्टात तो उतारा बादशहाच्या सहीने कायदा झालेला आहे, मूळ कोणी लिहिला याने काय फरक पडतो. उलट ग्रंथात परस्परविरोध नाहीतच असं डायजेस्ट जाहीर करणाऱ्या फर्मानात त्याने ठणकावून सांगितलंय, म्हणून तुमचं काम दोन उतारे भांडताना दिसले की दोघांचा मेळ बसेल असा फरक शोधायचा, हे जमलं तर अर्धी लढाई तिथेच.

लॅटिन यायलाच हवं का? नडत नाही, पण कळीचे शब्द मुळात बघता यायला हवेत: कुल्पा (चूक, हलगर्जीपणा), डोलुस (मुद्दाम केलेलं), इनियुरिया (बेकायदेशीरपणा). भाषांतर वापरताना १९८५ चं अॅलन वॉटसन संपादित चार खंडांचं घ्या, युनिव्हर्सिटी लायब्ररीत मिळतं. नेटवर फुकट फिरतं ते १९३२ चं अमेरिकन भाषांतर चुकांसाठी बदनाम आहे, त्याच्यावर केस उभी करू नका.

आणि जे महाराष्ट्रात किंवा गोव्यात लॉ करतायत त्यांच्यासाठी. तुम्हाला त्या आठात जाता येत नाही, पण रोमन लॉवर मूट करायला कोणी अडवलेलं नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत मूट कोर्टचा जो क्लिनिकल पेपर आहे त्यात वर्षाला किमान तीन मूट, प्रत्येकी १० मार्क, त्यातले ५ लेखी आणि ५ तोंडी. प्रॉब्लेम कॉलेज देतं, म्हणून टर्म सुरू होतानाच विषयाच्या सरांकडे एक पानाचा प्रस्ताव द्या: घटना, दोन मुद्दे, आणि परवानगी असलेल्या उताऱ्यांची यादी, दहाच्या वर नको नाहीतर कोणी वाचणार नाही. पेपरातले मार्क धोक्यात घालायला सर तयार नसतील तर मूट सोसायटीकडून बिनमार्काची राउंड घ्या. गोव्याच्या पोरांना तर विषय घरातच आहे, वारसाहक्कात मुलांसाठी अर्धी इस्टेट राखीव ठेवणारी ‘लेजिटिमा’ पोर्तुगीज सिव्हिल कोडमधून आली आणि तिचं मूळ रोमन कायद्यात आहे, जस्टिनियनने ५३६ मध्ये नॉव्हेला १८ काढून हा राखीव हिस्सा चौथ्या भागावरून चार मुलांपर्यंत तिसरा भाग आणि त्याहून जास्त असतील तर अर्धा केला. बापाने मृत्युपत्रात एका मुलाला वगळलं, एवढ्यावर प्रॉब्लेम तयार होतो, आणि बेंचवर बसायला एखादा नोटरी किंवा इन्व्हेंटरीची (वारसांत इस्टेट वाटपाची) कामं करणारा वकील मडगाव-पणजीत सहज मिळेल.