पिशवीच्या कॅन्सरनंतरचं रेडिएशन आणि उशिरा विचारलेला प्रश्न

पाळी जाऊन काही वर्षं झाल्यावर परत अंगावर जायला लागलं की बाई घाबरते आणि डॉक्टरकडे जाते, म्हणूनच गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर बऱ्याचदा पिशवीच्या आत असतानाच सापडतो. मग पिशवी काढतात, गरज वाटली तर जोडीला रेडिएशन देतात, आणि यातल्या कितीतरी जणी पुढे दहा, पंधरा, वीस वर्षं जगतात. एवढी वर्षं जगायचं तर ती कशी जातात हे विचारायला नको का? पण ते नीट विचारलं गेलं फार उशिरा, आणि मला वाटतं या सगळ्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते हेच आहे.

सुरुवात रेडियमपासून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टॉकहोमच्या रेडियमहेमेट या कॅन्सरच्या दवाखान्यात हेमान नावाचे डॉक्टर रेडियमच्या छोट्या छोट्या कॅप्सूल गर्भाशयात ठासून भरायचे. तेव्हा बाई जगली हेच खूप होतं. पुढे ऑपरेशन सुरक्षित झालं, तेच मुख्य उपचार झालं आणि रेडिएशन त्याच्या मागे गेलं, म्हणजे पिशवी काढल्यावर मागे काही राहिलं असेल तर ते जाळायला.

ही जोड खरंच लागते का, हे नॉर्वेत तपासलं आणि १९८० साली छापलं. पहिल्या स्टेजच्या ५४० बायका होत्या, सगळ्यांना आतून रेडियम दिलं आणि निम्म्या जणींना त्यावर बाहेरून अख्ख्या ओटीपोटाला ४० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). बाहेरून दिलेल्यांमध्ये कॅन्सर त्या भागात परत कमी आला, पण आयुष्य काही वाढलं नाही. नेदरलँड्समध्ये १९९० ते ९७ दरम्यान पोर्टेक-१ नावाचं संशोधन झालं, त्याचा निकाल २००० साली आला. ७१४ बायका, ऑपरेशननंतर निम्म्यांना ४६ ग्रे, २३ सिटिंगमध्ये, बाकीच्यांना काहीच नाही. पाच वर्षांत त्या भागात कॅन्सर परत आला तो ४ टक्के आणि १४ टक्के, जगण्यात मात्र फरक नाही. आणि परत आलेले बहुतेक योनिमार्गातच होते, हे लक्षात ठेवा, पुढे याचाच उपयोग झाला.

त्रासाचीही नोंद होत होती बरं का, पण ती डॉक्टर करायचे, ग्रेड १, ग्रेड २ असं. पोर्टेक-१ मध्ये रेडिएशनवाल्यांत २६ टक्के जणींना उशिराचे त्रास झाले, बाकीच्यांत ४ टक्के, आणि त्यातले बहुतेक 'सौम्य' ग्रेड १ चे. आता सौम्य म्हणजे काय ते बघा. बाई फॉलोअपला येते, डॉक्टर विचारतात कसं वाटतंय, ती म्हणते बरंय. संडासला लागली की दोन मिनिटंसुद्धा थांबता येत नाही, कुठेही गेलं की आधी बाथरूम कुठाय ते बघून ठेवायचं, पर्समध्ये जास्तीचा पॅड आणि एक सलवार कायम, हे ती का सांगेल, कॅन्सरमधून वाचलो ना मग तक्रार कसली करायची असं तिलाच वाटतं, शिवाय वय झालं की असं होतंच असंही वाटतं. कागदावर पडतं ग्रेड १.

त्याच पोर्टेक-१ मधल्या बायकांना पुढे घरी प्रश्नावली पाठवली, उपचारांना तोवर सरासरी १३ वर्षं होऊन गेली होती. हयात असलेल्या आणि पत्ता सापडलेल्या ३५१ जणींपैकी २४६ जणींनी ती भरून परत पाठवली. लघवी-संडासचे प्रश्न प्रोस्टेट कॅन्सरच्या पुरुषांसाठी केलेल्या प्रश्नावलीतून उचलले होते, यावरूनच कळतं या आजारासाठी हाताशी काय होतं ते (खास याच कॅन्सरची प्रश्नावली, ईएन-२४, २०११ मध्ये आली). २०११ साली निकाल छापला. रेडिएशन घेतलेल्यांत लघवी गळणं, जुलाब, नकळत संडास होणं, सगळंच जास्त. दिवसरात्र पॅड लागणाऱ्या ४२.९ टक्के, न घेतलेल्यांत १५.२. तेरा वर्षांनंतर! चालणं, जिना चढणं, घरातली कामं यातही त्या मागे होत्या. ज्या उपचाराने आयुष्य वाढत नव्हतं त्याची ही किंमत, त्यामुळे कमी आणि मध्यम जोखमीच्या बायकांना बाहेरून रेडिएशन टाळावं असं लिहिणाऱ्यांनी स्पष्टच म्हटलं.

हे होतं का, तर पिशवी काढल्यावर रिकाम्या जागेत आतडी खाली उतरतात आणि किरणांच्या वाटेत येतात. बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात, भिंती कडक होतात, ताण धरायची ताकद जाते, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं.

तोपर्यंत पोर्टेक-२ होऊन गेलं होतं. कॅन्सर योनिमार्गातच परत येतो ना, मग तेवढ्यालाच द्या, असा साधा विचार. एक प्लॅस्टिकची नळकांडी आत ठेवतात, मशीनमधून तारेच्या टोकाला बसवलेला किरणोत्सारी कण त्यात सरकतो, काही मिनिटं थांबतो, परत जातो, अशी बऱ्याच ठिकाणी तीन सिटिंग. २००२ ते २००६ मध्ये ४२७ बायका घेतल्या, निम्म्यांना असं आतून आणि निम्म्यांना बाहेरून, योनिमार्गात परत येण्याचं प्रमाण पाच वर्षांत १.८ आणि १.६ टक्के, म्हणजे सारखंच. आणि इथे बायकांना पहिल्यापासून विचारलं जात होतं, त्यामुळे आतड्याचा त्रास किती कमी आहे ते लगेच दिसलं. अर्थात आतून दिलं तरी योनिमार्ग आखडू शकतो, कोरडा पडतो, संबंधाच्या वेळी दुखतं, डायलेटर वापरायला सांगतात पण तो का आणि कसा वापरायचा हे समजावून सांगायला सगळेच वेळ देत नाहीत याचं फार वाईट वाटतं.

जास्त जोखमीच्या आजारात बाहेरून रेडिएशन अजूनही लागतं, हे वाचून कोणी घाबरून ते नाकारू नये. तिथे आता आयएमआरटीने, म्हणजे किरणांचा जोर जागेप्रमाणे कमीजास्त करायच्या नव्या पद्धतीने, आतडी बरीच वाचवता येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पार्सर अभ्यासात ३०० बायका होत्या (त्यांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता, पण पिशवी काढून झालेली, म्हणजे आतली परिस्थिती तशीच), तीन वर्षांत मध्यम किंवा त्याहून जास्त आतड्याचा त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के, नव्यात २१.१. केमोची जोड दिली की मात्र हातापायांच्या मुंग्यांचा वेगळा त्रास मागे लागतो, पोर्टेक-३ मध्ये दोन वर्षांनी २५ टक्के जणींनी तो सांगितला, नुसत्या रेडिएशनवाल्यांत ६ टक्के.

पण नव्वदच्या दशकात जुन्या पद्धतीने घेतलेल्या कितीतरी जणी आज आपल्यात आहेत, आणि त्यांच्या जुलाबाला बऱ्याचदा कोणी नावच दिलेलं नसतं. लहान आतड्याचा शेवटचा भाग दुखावला की पित्तातली आम्लं परत शोषली जात नाहीत, ती मोठ्या आतड्यात उतरतात आणि पातळ संडास होते, आणि यावर कोलेस्टिरामिनसारखं औषध आहे. लघवी गळण्यावर फिजिओथेरपिस्टकडून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकता येतात. उपचार वीस वर्षांपूर्वी झालेला असला तरी डॉक्टरला आधी तेच सांगायचं, मला पूर्वी रेडिएशन दिलंय, आणि दिवसात किती वेळा जावं लागतं तो आकडाही सांगायचा.