नवा हेडफोन की जुन्याचीच गादी?

दोन हेडफोन एकापाठोपाठ कानाला लावून पाहिले, तर बहुतेक वेळा जो किंचित मोठ्याने वाजतो तो जिंकतो. ऐकणाऱ्याला मात्र तसं वाटत नाही. त्याला वाटतं, याचा आवाज भरीव आहे, गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतोय, वाद्यं सुटी सुटी लागताहेत. एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. हेडफोन बदलायचा की नाही हे ठरवताना पहिली गोची इथेच होते.

याचं कारण कानाच्या घडणीत आहे. बेल लॅबोरेटरीजमधल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं, की कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. आवाज हळू असताना खर्ज फारच कमी ऐकू येतो. आवाज वाढवत नेला, की मधल्या पट्टीपेक्षा खर्ज झपाट्याने वर येतो. त्यामुळे तोच हेडफोन आणि तेच गाणं थोडं मोठ्याने वाजवलं, तरी कोणीतरी बास वाढवल्यासारखं वाटतं.

मग दोन्ही हेडफोन एकाच फोनला, एकाच व्हॉल्यूमवर लावले तर? घात नेमका तिथेच होतो. खोक्यावरचे आकडे घेऊन पाहू. समजा, एकाचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, ३०० ओहम आहे आणि १ मिलिवॉटला तो ९७ डेसिबल आवाज देतो. दुसरा ३२ ओहमचा, १ मिलिवॉटला १०० डेसिबल देणारा. वाचणारा म्हणेल, फरक ३ डेसिबलचा. पण फोन मिलिवॉट मोजून देत नाही. तो व्होल्ट देतो, आणि त्यातून किती शक्ती ओढली जाईल ते इम्पीडन्सवर ठरतं. १ व्होल्टला पहिला हेडफोन साधारण ३.३ मिलिवॉट घेतो, दुसरा ३१. गणित पुरं केलं तर पहिला सुमारे १०२ डेसिबलला पोचतो आणि दुसरा ११५ला. म्हणजे फरक ३चा नाही, जवळजवळ १३ डेसिबलचा. १० डेसिबल वाढले की आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो, तेव्हा या सामन्याचा निकाल सुरू होण्याआधीच लागलेला असतो.

म्हणून तुलनेआधी दोघांचे आवाज एका पातळीवर आणायचे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जाड पुठ्ठ्याला बारीक भोक पाडायचं, फोनचा माइक मागून त्या भोकाला टेकवायचा आणि पुढून हेडफोनची गादी पुठ्ठ्यावर नीट दाबून बसवायची. मग पिंक नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा एकसारखा सळसळता आवाज, वाजवून आवाज मोजणाऱ्या अॅपवरचा आकडा पाहायचा. अॅपचा आकडा अचूक असेलच असं नाही, पण आपल्याला त्याची किंमत नको, दोन आकड्यांमधला फरक हवा आहे. दोघांच्या आवाजाची ठेवण वेगळी असल्याने पातळी तंतोतंत कधीच जुळत नाही. तरी १३ डेसिबलची तफावत एखाद-दुसऱ्यावर येते, आणि तेवढ्यानेही मत बदललेलं मी पाहिलं आहे.

पातळी जुळल्यावर जो फरक उरतो, त्यातला सिंहाचा वाटा एकाच गोष्टीचा असतो. खर्जापासून तारेपर्यंत कुठला पट्टा किती जोरात वाजतो, त्याला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात. ‘उबदार’, ‘कोरडा’, ‘धारदार’, ‘मोकळा’ अशी जी विशेषणं परीक्षणांत उधळलेली असतात, ती बहुतेक या एका आलेखात दिसतात. २०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा असेल तर आवाज गुबगुबीत आणि थोडा कोंडल्यासारखा लागतो. ६ ते ८ हजारांच्या आसपास टोक असेल तर ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात आणि झांज चरचरते.

हा आलेख वाचताना मात्र एक फसगत हमखास होते. सरळ आडवी रेघ म्हणजे उत्तम हेडफोन, असं वाटतं. तसं नसतं. आपली कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद असलेली नळी आहे. अशी नळी आपल्या लांबीच्या चौपट तरंगलांबीला घुमते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर ही घुमण्याची जागा ३,००० हर्ट्झच्या आसपास येते. समोर बोलणाऱ्या माणसाचा आवाजही कानाच्या पाळीवरून आणि या नळीतून जाताना तिथे दहा-पंधरा डेसिबलनी उचलला जातो, आणि मेंदूने जन्मभर तेच ऐकलेलं असतं. हेडफोनने तो उंचवटा दिला नाही, तर आवाज पडद्याआडून आल्यासारखा लागतो. त्यामुळे कानाच्या पडद्यापाशी मोजलेल्या आलेखात ३,००० हर्ट्झजवळ डोंगर दिसला, तर तो दोष नव्हे. तिथे सपाट मैदान दिसलं तर शंका घ्यावी.

हा डोंगर नेमका किती उंच असावा आणि खर्ज किती असावा, हे कानांनाच विचारून ठरवण्याचं काम हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२-१३च्या सुमारास हाती घेतलं. डोळे बांधले तरी हातातल्या वजनावरून आणि कानावरच्या दाबावरून हेडफोन ओळखू येतो, ही त्यांच्यापुढची अडचण होती. त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांनी वेगवेगळ्या हेडफोनांची मापं घेतली आणि इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, त्या सगळ्यांचे आवाज एकाच हेडफोनमधून वाजवले. ऐकणाऱ्याच्या डोक्यावर हेडफोन तोच, आवाज मात्र बदलतोय! यातून जी आवड पुढे आली, तिला आज हर्मन कर्व्ह म्हणतात. ती काही ब्रह्मवाक्य नाही. काहींना त्याहून जास्त बास आवडतो, काहींना कमी. पण बहुसंख्य लोकांची पसंती त्या रेषेच्या जवळपासच आढळली.

मग जास्त पैसे मोजले की आपण या रेषेच्या जास्त जवळ जातो का? २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांचा काही संबंध लागला नाही. म्हणजे महाग हेडफोन वाईट असतात असं नव्हे. किमतीच्या चिठ्ठीवरून आवाजाचा अंदाज बांधता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चिठ्ठीवरून कळतं ते बांधणी, वजन, सुटे भाग मिळण्याची सोय, जोडीला येणारी वायरलेस यंत्रणा असलं काहीबाही, आणि तेही दरवेळी नाही.

ठेवण हाच मुख्य फरक असेल, तर ती पुष्कळशी फुकटात बदलता येते. इक्वलायझर बहुतेक फोनांत आणि संगणकांत असतोच, किंवा घालता येतो. ऑटोइक्यू नावाच्या खुल्या प्रकल्पात हजारो हेडफोनांसाठी तयार आकडे मिळतात. त्यात एकच पथ्य आहे. एखादा पट्टा ५ डेसिबलनी वर न्यायचा, तर आधी सगळा आवाज तेवढाच खाली घ्यायचा, नाहीतर वरची टोकं कापली जाऊन आवाज फाटतो. आणि मग तो खाली गेलेला आवाज ऐकून ‘इक्वलायझरने जीवच गेला’ म्हणू नये. पुन्हा पातळी जुळवून मगच मत द्यावं.

त्याहूनही आधी गादी तपासावी. हेडफोनच्या जन्मात सगळ्यात लवकर म्हातारी होते ती गादी, आणि बोल लागतो ड्रायव्हरला, म्हणजे कपातल्या आवाज काढणाऱ्या भागाला. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर. एवढ्या लांब लाटेपुढे कान आणि हेडफोन यांच्यातली हवेची डबी म्हणजे काहीच नाही. तिथे ड्रायव्हर लाटा सोडत नसतो, तो त्या डबीतल्या हवेचा दाब कमी-जास्त करत असतो. डबीला फट पडली की दाब निसटतो आणि खर्ज नाहीसा होतो, पण मधले आणि वरचे स्वर जवळजवळ जसेच्या तसे राहतात. फट म्हणजे किती? चष्म्याची काडी पुरते. गादीचा फोम दबून कडक झाला की ती जबड्याच्या खळगीवर नीट बसत नाही आणि तेच होतं. शिवाय ड्रायव्हर कानाच्या जवळ सरकतो, त्यामुळे वरचे स्वरही बदलतात. परीक्षा सोपी आहे. भरपूर डग्गा किंवा बास गिटार असलेलं काहीतरी लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलकेच कानांवर दाबा. घुमक एकदम परत आली, तर तुम्हाला नवा हेडफोन नको, नव्या गाद्या हव्यात. कानात घालायच्या इयरफोनचंही तेच. तिथे रबरी टोपीचा आकार बदलून पाहावा, आणि दोन कानांना दोन वेगळे आकार लागले तर नवल वाटू देऊ नये.

खोक्यावरच्या इतर बढाया झटपट उरकू. ‘४०,००० हर्ट्झपर्यंत’ हे वटवाघळाला सांगावं. माणसाची वरची मर्यादा २०,०००, आणि तीही तरुणपणी. वय वाढेल तशी ती खाली येते. सीडीचा सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा दर २२,०५०पर्यंतचं सगळं टिपतो. ब्लूटूथवर एलडॅक, म्हणजे आवाज आवळून पाठवण्याची एक पद्धत, जास्तीत जास्त सेकंदाला ९९० किलोबिट पाठवतो, सीडीचा प्रवाह १,४११चा. हा फरक कागदावर मोठा दिसतो, पण कानाला तो पकडणं भलतंच अवघड असतं. ज्याला पकडता येतो असं वाटतं, त्याने एबीएक्स चाचणी करून पाहावी. ‘अ’ ऐकायचा, ‘ब’ ऐकायचा, मग ‘क्ष’ ऐकून तो दोघांपैकी कोण ते सांगायचं. १६ वेळा विचारून १२ बरोबर आले तर मानावं, कारण नुसत्या अंदाजाने तेवढे बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे. १६पैकी १०ला टाळी वाजवू नये, तेवढे कोणाचेही येतात. आणि दोन्हींमध्ये झटकन अदलाबदल करता आली पाहिजे. आवाजाच्या बारकाव्यांची आठवण काही सेकंदांत विरते. दुकानात सकाळी ऐकलेला आणि घरी संध्याकाळी ऐकलेला यांची तुलना म्हणजे दोन मूडांची तुलना.

अॅम्प्लिफायरबद्दलही भीती जरा जास्तच घातली जाते. वरच्या ३०० ओहमच्या हेडफोनला १ व्होल्टवर १०२ डेसिबल मिळतात, हे आपण पाहिलं. फोनला लावायच्या कितीतरी छोट्या अडॅप्टरमधून तेवढा व्होल्ट निघतो. सरासरी ७०-७५ डेसिबलवर ऐकणाऱ्याला संगीताच्या उसळ्यांसाठीही त्यात भरपूर जागा उरते. आवाज पुरेसा मोठा होतोय आणि फाटत नाही, तर वेगळ्या अॅम्प्लिफायरवर खर्च करायचं कारण मला दिसत नाही.

काही फरक मात्र इक्वलायझरच्या आवाक्याबाहेरचे असतात. कपाची पाठ उघडी की बंद, हा त्यातला मोठा. सेनहायझरचा एचडी ४१४ हा १९६८ साली आला. उघड्या पाठीचा हा पहिला हेडफोन. उघड्या पाठीमुळे आवाज कपात कोंडत नाही, डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो. पण शेजाऱ्याला तुमचं गाणं ऐकू जातं आणि तुम्हाला त्याचं बोलणं. शांत खोली नसेल तर कितीही वाखाणलेला उघडा हेडफोन निरुपयोगी. वजन आणि पकड हीसुद्धा तशीच गोष्ट. तासाभरात कानशिलं दुखायला लागणारा हेडफोन आवाजाला कितीही गोड असला तरी खुंटीवरच राहतो.

आणि खरोखर पैसे खर्चावेत असं एक कारण आवाजाच्या गोडीशी संबंधितच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ऐकावं, त्यापुढे नको. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५. गोंगाटात रोजचा प्रवास करणारा माणूस गाणं ऐकू यावं म्हणून व्हॉल्यूम सहज आठ-दहा डेसिबल वर नेतो. इथे गोंगाट दाबणारा हेडफोन कामाला येतो. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन माणसाला १९३६ सालीच तिचं पेटंट मिळालं होतं. बाहेरच्या लाटेच्या नेमकी उलटी लाट सोडायची, की दोन्ही एकमेकींना पुसतात. लांब, संथ लाटांना हे चांगलं जमतं, म्हणून इंजिनाची घरघर गायब होते. सुमारे १,००० हर्ट्झच्या वर वेळेचा मेळ बसेनासा होतो आणि तिथे गादीच्या जाडीवरच भिस्त राहते, म्हणून मागच्या सीटवरचं रडणारं मूल तसंच ऐकू येत राहतं. पण घरघर गेल्याने व्हॉल्यूम खाली आला, तर कानांना मिळालेली सवलत पक्की असते. अशा माणसाचा जुना हेडफोन घरात कितीही सुरेल वाजत असो, मी त्याला बदल म्हणेन. फक्त या प्रकारात बॅटरी असते, ती थकते, आणि पुष्कळदा ती बदलता येत नाही, हे हिशेबात धरावं.

घ्यायचाच ठरला, तर परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणी घ्यावा आणि जुना लगेच देऊन टाकू नये. नव्या आवाजाला मेंदू काही दिवसांत सरावतो. ‘हेडफोन वाजवून मोकळा झाला’ असं जे म्हणतात, त्यात हेडफोनपेक्षा ऐकणाराच जास्त बदललेला असतो. म्हणून पहिल्या दिवसाच्या कौतुकावर निर्णय सोडू नये. आठवडाभर फक्त नवा वापरावा, मग पातळी जुळवून एक पूर्ण दिवस जुना. तासाभराने जुन्यात काय खटकत होतं तेच आठवेनासं झालं, तर मुदत संपण्याआधी नवा परत करावा आणि जुन्याला गाद्या मागवाव्यात.