मुलं पळवणाऱ्या टोळीचा ‘तो’ व्हिडिओ: खुलासा

गल्लीत पोरं क्रिकेट खेळताहेत. मोटरसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलून पसार होतात. ‘आपल्या भागात टोळी आली आहे’ असं लिहून हा व्हिडिओ २०१८ मध्ये देशभर फिरला. मुळात ती कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जनजागृतीची फिल्म. शेवटी तेच दोघे मुलाला परत आणतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. नेमका तेवढाच भाग कापला गेला.

‘खोटं असलं तरी पाठवायला काय जातं?’ असं म्हणणाऱ्यांनी राईनपाडा आठवावा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या या गावचा आठवडे बाजार. अशाच अफवांनी बिथरलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पकडलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, सोलापूरकडची गरीब माणसं होती ती.

मेसेज मावशीने किंवा मित्राने पाठवलेला असतो, म्हणून आपण तपासत नाही. राईनपाड्याच्या त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. कॉपी-पेस्टला मात्र तिचा अडसर नाही. खरोखरच संशय आला तर ग्रुपवर टाकू नका, ११२ ला फोन करा.